लेक ऑफ द वुड्सवर रात्रीचं गरवणं: वॉलाय, बरबॉट आणि माझे तीन हिवाळे

मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा, आमच्याकडे गळ टाकून मासे पकडायला गरवणं म्हणतात. आजोबांबरोबर (आम्ही आजो म्हणायचो) खाडीच्या कडेला बसून सुंगटाचा तुकडा गरीला लावायचा आणि तांबोशी नाहीतर काळुंदर लागायची वाट बघायची, लहानपणीच्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या अशाच गेल्या. नंतर शिक्षण, पुणे, नोकरी, आणि आता बारा वर्षं मिनेसोटात. इथे पहिली आठ-नऊ वर्षं मी हिवाळ्यात फक्त घरातून ऑफिस आणि ऑफिसातून घर केलं. गोठलेल्या तळ्यावर लोक तंबू टाकून बसलेले दिसायचे, त्यांच्याकडे बघून गाडी पुढे जायची. मग शेजारच्या एका रिटायर्ड गृहस्थांनी एकदा त्यांच्याबरोबर गावाजवळच्या छोट्या तळ्यावर नेलं, बर्फाला भोक पाडलं, छोटी रॉड हातात दिली, आणि दोरी खाली सोडताना बोटाला जे जाणवलं ना ते थेट आजोच्या शेजारी बसल्यासारखं होतं. तीच दोरी, तेच वजन तळाला टेकल्यावर ढिलं पडणं. त्या दिवसापासून मी यात पडलो.

हे लिहितोय ते मुख्यतः लेक ऑफ द वुड्सबद्दल, कारण तिथे जायचं मी सलग तीन हिवाळे ठरवलं (त्यातल्या एकात जाता आलंच नाही) आणि मला जे काय शिकायला मिळालं ते कुणीतरी आधी मराठीत सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं खूपदा वाटलं. इथे आता आपली बरीच मंडळी आहेत, काही जण उन्हाळ्यात मासे पकडतात, पण बर्फावर जायला घाबरतात.

आधी जागा समजून घ्या. हा लेक मिनेसोटाच्या एकदम उत्तर टोकाला आहे, बराचसा कॅनडात, ओंटारिओ आणि मॅनिटोबाच्या हद्दीत. हजारो वर्षांपूर्वी हिमयुगाच्या शेवटी अगासिझ नावाचं प्रचंड मोठं सरोवर होतं, ते ओसरल्यावर मागे जे राहिलं त्यातला हा एक भाग. उत्तरेकडे चौदा हजारांहून जास्त बेटं आहेत, पण आपण मिनेसोटातून जातो ती दक्षिण बाजू म्हणजे नुसतं सपाट पाणी, बिग ट्रॅव्हर्स बे म्हणतात, हिवाळ्यात उभं राहिलं तर समोरचा काठ दिसत नाही. जवळचं गाव बॉडेट, तिथे वॉलाय माशाचा (गोड्या पाण्यातला शिकारी मासा, इथे खायला सगळ्यांचा आवडता) ४० फुटी पुतळा आहे, यावरून तिथलं पोट कशावर चालतं ते कळेल. मिनियापोलिसपासून साधारण साडेचारशे किलोमीटर, बर्फाच्या रस्त्यावर पाच-साडेपाच तास धरा.

आणि गर्दी. खूप म्हणजे खूप गर्दी. जानेवारीत शनिवारी गेलात तर बर्फावर गावच वसलेलं असतं, रिसॉर्टवाले बर्फ नांगरून रस्ते करतात, भेगा पडल्या तर त्यावर पूल टाकतात, पाट्या असतात, रात्री दिव्यांच्या रांगा. या लेकवर आता उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात जास्त तास मासेमारी होते. म्हणजे तुम्ही जिथे गळ सोडताय तिथे काल कुणीतरी सोडला होता, परवाही, आणि शेजारच्या वीस घरांत आत्ताही सोडलेला आहे. माशांनी चमकणारी प्रत्येक पट्टी (गळाला आमिष म्हणून लावतात ती धातूची) बघून झालेली असते. मला सांगायचंय ते मुख्य हेच आहे, अशा लेकवर मासा शोधणं हा भाग कमी आणि माणसांपासून लांब जाणं हा भाग जास्त असतो, अंतराने लांब आणि वेळेनेही लांब.

पहिल्या वर्षी, जानेवारी २०२३ मध्ये, मला हे काही माहीत नव्हतं. ऑफिसातले आम्ही चौघं, दोन दिवसांसाठी एका रिसॉर्टचं झोपायचं फिश हाउस भाड्याने घेतलं, म्हणजे लाकडी खोली, बंक, हीटर, जमिनीत भोकं. सकाळी त्यांच्या गाडीने आत नेऊन सोडलं. आजूबाजूला दर पन्नास पावलांवर तसंच घर. पाणी ३३ फूट खोल. दोन दिवसांत मिळाले ते हातभर सुद्धा नाहीत असे सॉगर (वॉलायचा लहान भाऊ म्हणा, अंगावर गडद ठिपके, शेपटीला वॉलायसारखा पांढरा कोपरा नसतो) आणि चार-पाच बारके वॉलाय. सोनारवर (पाण्याखालचा मासा रेघेसारखा दाखवणारं यंत्र) मासा यायचा, आमच्या गळाजवळ थांबायचा, आणि निघून जायचा. परत यायचा, परत जायचा. आम्ही गळ जास्त जोरात वरखाली उडवायचो, मोठी पट्टी लावायचो, आणि तो अजून लवकर जायचा.

त्यातली एक गोष्ट मला अजून लागते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक चांगला वॉलाय लागला, साधारण २३ इंचांचा. इथला नियम असा की साडेएकोणीस ते २८ इंचांमधला वॉलाय लगेच सोडायचा, कारण अंडी घालणाऱ्या माद्या बहुतेक त्याच मापात असतात. बरोबरच आहे ते. पण आम्ही त्याला ३३ फुटांवरून भराभर वर ओढलं होतं, फोटो काढायला वेळ लावला होता, आणि सोडल्यावर तो भोकातच आडवा झाला. वॉलायच्या पोटात हवेची पिशवी असते, खोलातून पटकन वर आणलं की ती फुगते, आणि या माशाला ती हवा तोंडावाटे बाहेर काढता येत नाही. खाली ढकलला, परत वर आला. नियमाने ठेवता येत नाही आणि तो जगतही नाही. बर्फाखाली तो भोकापासून सरकत सरकत दिसेनासा झाला. आम्ही चौघंही गप्प बसलो होतो. तेव्हापासून मी दोन गोष्टी ठरवल्या: ३० फुटांच्या आतच बसायचं, आणि माप दिसलं की फोटोबिटो विसरून सरळ पाण्यात.

परत येताना अजून एक बघितलं. एका घराच्या बाहेर बर्फावर तीन-चार लांबुळके, तपकिरी ठिपकेवाले मासे दगडासारखे गोठून पडलेले, आणि मोठे डोमकावळे ते टोचत होते. मी विचारलं हे काय, तर म्हणाले ईलपाउट, असेच टाकून देतात. ईलपाउट म्हणजेच बरबॉट. मी वाकून बघितलं तर मला तर ती मरळच वाटली, तसंच लांब अंग, तशीच नक्षी, चपटं डोकं. असा मासा आमच्याकडे कुणी टाकला असता तर आजोने त्याला घरात घेतलं नसतं. असं मासे बर्फावर टाकून देणं इथल्या कायद्यातही बसत नाही, पण जुनी सवय आहे, हा मासा चिकट, सापासारखा, वर काढला की शेपटी मनगटाला गुंडाळतो, म्हणून लोकांना किळस येते.

घरी येऊन मी या माशाबद्दल मिळेल ते वाचलं. मरळीशी त्याचं नातं काहीच नाही. हा कॉड घराण्यातला, आणि अख्ख्या घराण्यात गोड्या पाण्यात आयुष्य काढणारा हा एकटाच. हनुवटीखाली एकच मिशी असते, समुद्रातल्या कॉडसारखी. त्याला थंडी आवडते, उन्हाळ्यात खोल थंड पाण्यात सुस्त पडून राहतो आणि सगळे मासे मंदावतात तेव्हा हा जागा होतो. आणि अंडी तर भर हिवाळ्यात, बर्फाखाली, रात्री घालतो, इकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये. वाळू किंवा बारीक खड्यांच्या उथळ जागी बरेच एकत्र जमतात आणि एकमेकांभोवती गोळा होऊन वळवळतात, एक मोठी मादी दहा लाखांच्या आसपास अंडी टाकू शकते. मिनेसोटाचा विक्रमी बरबॉट याच लेकमधला आहे, १९ पौंडांपेक्षा जास्त वजनाचा. हे वाचल्यावर मला कळलं की आम्ही जानेवारीत दुपारी बसलो होतो आणि रात्री झोपलो होतो, म्हणजे त्याची वेळ आम्ही बंकवर पांघरूण घेऊन घालवली होती.

पुढचा हिवाळा, २०२३-२४, आमच्याकडे इतका उबदार गेला की तसा नोंदींमध्ये नाही. बर्फ उशिरा धरला, पातळ धरला. वाटेत अप्पर रेड लेक लागतो, तिथे २०२३ च्या डिसेंबरच्या शेवटी बर्फाचा मोठा तुकडा काठापासून सुटला आणि शंभरावर माणसं त्यावर अडकली, सगळ्यांना बाहेर काढलं पण बातमी बघून घरी मला कुणी जाऊ देईना, आणि त्यांचं बरोबर होतं. आईचा फोन आला, "बर्फार बसान मासे गरवतंस ता ठीक आसा, पण तो बर्फ आधी बघ हां बाबा." मी त्या वर्षी बुकिंग रद्द केलं. ज्यांना पहिल्यांदा जायचंय त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा, पायी चालायला निदान ४ इंच स्वच्छ, निळसर, घट्ट बर्फ पाहिजे, स्नोमोबिलला ५ ते ७, गाडीला त्याहून बराच जास्त, आणि पांढरा, दुधाळ बर्फ असेल तर तो तेवढ्याच जाडीला निम्म्या ताकदीचा धरा. दर काही पावलांवर लोखंडी पहारीने ठोकून बघायचं. गळ्यात बर्फाचे टोचे अडकवायचे, म्हणजे पडलोच तर बर्फात रोवून स्वतःला वर ओढता येतं. हे टोचे मी घरी सोफ्यावर बसूनही काढायची प्रॅक्टिस केलीय कारण थंड पाण्यात डोकं चालत नाही.

रेड लेकवरून आठवलं, तिथली दुसरी गोष्टही प्रत्येकाने ऐकावी. १९९० च्या दशकात तिथले वॉलाय इतके पकडले गेले की मासाच संपत आला, शेवटी १९९९ मध्ये तिथल्या रेड लेक ओजिब्वे या मूळ रहिवासी लोकांनी, राज्याने आणि केंद्राने मिळून करार केला, मासेमारी बंद, लहान पिल्लं सोडली, आणि २००६ ला परत उघडला. सात वर्षं! जाळी गुंडाळून ठेवायची हे सोपं नाही, ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांना तर नाहीच. मी जेव्हा जेव्हा त्या रस्त्याने, म्हणजे ७२ नंबरच्या हायवेने वास्किशवरून जातो तेव्हा मला आमचे चढणीचे मासे आठवतात. पहिल्या पावसात ओढ्याला पाणी आलं की मासे अंडी घालायला वर चढायचे आणि आम्ही पोरं टोपल्या, पंचे, काय मिळेल ते घेऊन धावायचो, पोटात गाबोळी असलेले मासे ढिगाने घरी आणायचो. आता गावी त्या ओढ्याला पावसात जाऊन बघतो तर तसं काही चढताना दिसत नाही.

तिसरं वर्ष, फेब्रुवारी २०२५. या वेळी मी फिश हाउस घेतलं नाही. शेजारचे ते गृहस्थ आणि मी, दोघंच, किनाऱ्यावर केबिन, आणि आमचा स्वतःचा स्लेडवर (बर्फावरून ओढायची घसरगाडी) बसवलेला उलगडणारा तंबू. आठवड्याच्या मधले दिवस घेतले, मंगळवार-बुधवार, सुट्टी टाकून. नुसतं शनिवार टाळल्याने केवढा फरक पडतो ते सांगून पटणार नाही. रिसॉर्टला बर्फावरच्या रस्त्याचे पैसे भरले, त्यांच्या रस्त्याने गाडी आत नेली आणि जिथे घरांची वस्ती संपते तिथे कडेला लावली. तिथून स्लेड ओढत पुढे अर्धा-पाऊण किलोमीटर चालत. उणे २५ सेल्सिअस होतं, वारा नशिबाने कमी. फोनवर गाडीची जागा पिन केली, पण थंडीत फोन मरतो म्हणून खिशात साधं होकायंत्र, आणि कुठल्या दिशेला चाललोय ते आधीच बघून ठेवलं. वारा सुटून बर्फ उडायला लागला की शंभर पावलांवरची गाडी दिसत नाही.

आम्हाला हवी होती ती जागा नकाशावर बघून ठेवली होती. सगळीकडे सपाट चिखल, ३० फूट, ३१ फूट, आणि मध्येच एक उंचवटा, वर खडे, २२ फुटांपर्यंत येणारा. त्याच्या उताराच्या पायथ्याशी २७-२८ फुटांवर आम्ही थांबलो. तुम्ही म्हणाल असा उंचवटा तर सगळ्यांनाच माहीत असणार, तर हो, मोठे उंचवटे माहीत असतात आणि त्यावर घरं असतात. हा बारका होता, दोन ट्रक उभे राहतील एवढा, आणि रस्त्यापासून लांब. लोक लांब चालत नाहीत.

बर्फ अडीच फूट जाड. बॅटरीचं ऑगर (बर्फाला भोक पाडायचं गिरमिट), त्याला एक्स्टेन्शन लावल्याशिवाय खाली पोचत नव्हतं. आमच्या गृहस्थांनी सांगितलं की सगळी भोकं एकदम पाडून घे, दुपारीच, म्हणजे नंतर संध्याकाळी आवाज नको. बारा भोकं पाडली ८ इंचांची. बॅटरी मध्ये मध्ये जॅकेटच्या आत. मग झाऱ्याने (खरंच मोठा झाराच असतो तो, लांब दांड्याचा) भोकातला चुरा काढायचा. इथे माझी एक चूक झाली, झारा निसटला, तो पकडायला हात घातला आणि हातमोजा कोपरापर्यंत भिजला. दोन मिनिटांत मोजा पत्र्यासारखा ताठ आणि बोटं पांढरी. तंबूत हीटरसमोर पंधरा मिनिटं बसलो तेव्हा रक्त परत आलं, आणि येताना जे दुखलं ते दुखलं. मोज्यांचे तीन जोड न्या. हीटर लावला की तंबूची वरची खिडकी उघडी ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, त्याच्याशिवाय प्रोपेनचा हीटर पेटवूच नका, त्या गॅसला वास नसतो.

मिनेसोटात हिवाळ्यात माणशी दोन दोऱ्या चालतात. मी एका रॉडवर उडवायचा गळ आणि दुसरी नुसती स्टँडवर ठेवलेली, साधा छोटा गळ, जिवंत मिनो (आमिषाचा बारीक मासा), तळापासून एक फूट वर. गर्दीच्या लेकवर ही दुसरी दोरी कधीकधी पहिलीपेक्षा जास्त देते, कारण ती काहीच करत नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला उजेड पिवळा व्हायला लागला आणि वॉलाय आले. वॉलायच्या डोळ्याच्या मागे मांजरासारखा चमकणारा पडदा असतो, अंधूक उजेडात त्याला दिसतं आणि त्याच्या भक्ष्याला दिसत नाही, त्यामुळे तिन्हीसांजेचा तास त्याचा. सोनारवर लाल रेघ तळापासून सुटून वर आली, गळाच्या खाली एक फुटावर थांबली. पहिल्या वर्षी मी इथे जोरात उडवलं असतं. या वेळी काय केलं तर सोनेरी बारीक पट्टी, तिला मिनोचं फक्त डोकं लावलेलं (या लेकचं पाणी चहासारखं तपकिरी आहे, सोनेरी रंग त्यात दिसतो), आणि ती हळू, एकदम हळू वर ओढत नेली, जणू ती पळून चाललीय. रेघ मागे मागे आली. थांबलो. काही नाही. अजून अर्धा फूट वर. आणि मग रॉडचं टोक खाली वाकलं, झटका नाही, नुसतं जड झालं. १६ इंचांचा वॉलाय, खायला उत्तम. त्या एका तासात आम्हा दोघांना मिळून सात लागले, त्यातले दोन मोठे सोडले, ते शेपटी हलवून सरळ खाली गेले आणि मला फार बरं वाटलं. नियमाप्रमाणे माणशी वॉलाय आणि सॉगर मिळून सहा, त्यात वॉलाय जास्तीत जास्त चार. आम्ही पाच ठेवले दोघांत आणि वॉलायचं गरवणं थांबवलं. पुरे होते.

मला इथे नव्या कॅमेऱ्यासारख्या सोनारबद्दल बोलायचंय. ज्यात पुढे, बाजूला, सगळीकडचे मासे हलताना दिसतात ते. लोक एक भोक पाडतात, मासा कुठे आहे बघतात, तिथे भोक पाडतात, तो हलला की परत. माझ्याकडे साधं गोल डायलवालं आहे, सरळ खालचं दाखवणारं, आणि मी तेच ठेवणार आहे. एवढ्या माणसांनी झोडपलेल्या पाण्यात माशाला लपायला थोडी तरी जागा राहायला पाहिजे असं माझं प्रामाणिक मत आहे, पटत नसेल तर हरकत नाही.

साडेसातला लांबच्या वस्तीतले दिवे दिसत होते, गाड्या काठाकडे परत चालल्या होत्या. आम्ही खिचडी गरम करून खाल्ली, थर्मासमधला चहा, आणि जागा बदलली. उताराच्या पायथ्यापासून वर, २४ फुटांच्या भोकांवर, जिथे खडे सुरू होतात. बरबॉटचं सामान वेगळं: जड, अंधारात हिरवं चमकणारी पट्टी, तिन्ही हुकांना मिनोचे तुकडे भरपूर, वास पाहिजे. दर चार-पाच मिनिटांनी वर काढून टॉर्चने चमक भरायची. आणि उडवायचं नाही, आपटायचं. तळावर धप धप धप, तळ गढूळ होईल एवढं, मग चार बोटं वर उचलून स्थिर धरायचं. वॉलायला जे चालत नाही ते सगळं बरबॉटला चालतं. अंधारात तो बघण्यापेक्षा आवाज आणि वास यांच्या मागे येतो.

आठ, नऊ, दहा. काही नाही. एक बारका सॉगर. साडेदहाला माझे सोबती म्हणाले की मी केबिनवर जातो, तू बसतोस तर बस. मी म्हटलं एकट्याने नको, तर ते तंबूतच स्लीपिंग बॅगमध्ये आडवे झाले. वस्तीतले दिवे एक एक करून कमी झाले. बर्फ आवाज करतो रात्री, थंडी वाढली की तो ताणतो आणि लांबून एक लांबलचक, पोकळ आवाज तुमच्या पायाखालून पलीकडे जातो, पहिल्यांदा ऐकलं की पोटात गोळा येतो. जाड बर्फावर हा आवाज नेहमीचाच असतो, हे मला कुणीतरी आधी सांगितलं असतं तर पहिल्या वर्षी मी नीट झोपलो असतो.

दीड वाजला असेल. सोनारवर तळाची रेघ जरा जाड झाली. वॉलायसारखी सुटून वर येत नाही, तळालाच चिकटून फुगते, म्हणून मी दोन वेळा दुर्लक्ष केलं. आपटलं, धरलं. दोरी नुसती जड झाली, जणू खाली कुणी ओलं पोतं अडकवलंय. ओढलं तर पोतं मागे ओढायला लागलं. वॉलाय डोकं झटकतो, हा गोल फिरतो, मागे मागे जातो, उलटा पोहतो. मी हळूहळू वर आणला, भोकात आधी शेपटी दिसली, मग परत खाली, मग डोकं. सोबती उठले, हात घातला, आणि तो बाहेर आला तो सरळ त्यांच्या हाताला गुंडाळून. २५ इंचांचा, साधारण ४ पौंडांचा नर, नक्षी अशी की दिव्याखाली पिवळं-काळं संगमरवर वाटावं.

मग एकामागून एक. दीड ते तीन या वेळात आम्हाला सहा लागले, एकदा तर दोघांच्या दोऱ्या एकदम. चौथी मोठी मादी होती, पोट इतकं टच्च की हात लावताच थोडी अंडी बाहेर आली, साबुदाण्यापेक्षा कितीतरी बारीक, पिवळसर. म्हणजे ते खरंच आमच्या खाली जमले होते, त्या खड्यांवर. मी तिला वरच्यावर सोडली. पुढच्या दोघींनाही. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि काही न बोलता रॉड गुंडाळल्या. मासे अजून लागत होते, सोनार लाल होता, पण ज्या कामासाठी ते जमले होते ते त्यांना करू द्यायला हवं होतं. तीन नर घेऊन आम्ही चारला केबिनवर परतलो. सगळा कचरा, मिनोच्या पिशव्या, दोरीचे तुकडे, स्लेडमध्ये परत. इथे तो कायदाच आहे, पण बर्फ वितळल्यावर हे सगळं पाण्यात जाणार हे कळायला कायदा लागू नये.

साफ करायची पद्धत वॉलायसारखी नाही. खवले इतके बारीक की नसल्यासारखेच, आणि कातडी जाड. डोक्याच्या मागे गोल चीर द्यायची, एक जण डोकं धरतो आणि दुसऱ्याने पक्कडीने कातडी धरून शेपटीकडे ओढायची, मोजा निघावा तशी निघते. मग पाठीच्या दोन्ही बाजूंचे लांब पट्टे. मांस एकदम पांढरं, काटा नाही. इथले लोक ते मिठाच्या पाण्यात उकळून वितळलेल्या बटरमध्ये बुडवून खातात आणि गरिबाचा लॉबस्टर म्हणतात. यकृत खूप मोठं असतं, कॉडचंच ते, जीवनसत्त्व अ आणि ड भरपूर, फिनलंडमध्ये तर याच माशाचं सूप हिवाळ्यात मुद्दाम करतात आणि यकृत त्यात घालतात. ताजंच खा, फ्रीजरमध्ये ठेवलं की मांस चिवट होतं असा माझा अनुभव.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी केलं. अर्ध्याला हळद, मीठ, कोकमाचं आगळ, आलं-लसूण आणि मालवणी मसाला लावून रवा-तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. तो कडक होतो बाहेरून आणि आत पापलेटपेक्षा घट्ट, बायको म्हणाली हा सुरमईसारखा लागतो, मला तसं वाटलं नाही पण तिने तीन तुकडे घेतले. उरलेल्याची ओल्या नारळाची आमटी, आणि तिथे सांगतो, तिरफळ घालू नका, बांगड्याला जे शोभतं ते याला नाही, मांस फार सौम्य आहे, वास तिरफळाचाच येत राहतो. नुसतं कोकम आणि दोन हिरव्या मिरच्या पुरतात. यकृताचे तुकडे मी मिरपूड-मीठ लावून तुपावर परतले, धाकटा आधी नको म्हणाला आणि मग ताटातलं शेवटचं त्यानेच संपवलं.

आईला व्हिडिओ कॉलवर कापायच्या आधी मासा दाखवला होता. चष्मा लावून अगदी जवळून बघितलं. "हो तर मरळ दिसता." मी म्हटलं मरळ नाही, समुद्रातल्या माशांच्या जातीचा आहे पण गोड्या पाण्यात राहतो. तिला ते महत्त्वाचं नव्हतं. "गाबोळी खंय तेची?" मी सांगितलं, तीन माद्या होत्या, गाबोळी भरलेल्या, तिघींना सोडलं, अंडी घालायला आल्या होत्या.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मागे कोंबडा आरवत होता, तिकडे सकाळ झाली होती.

"बरा केलंस," म्हणाली. "आता जेव आणि नीज, डोळे बघ कशे झालेत."